"तो सहीच देत नाही, मग माझी सुटका नाहीच का?"

"मॅडम, नवरा म्हणतो, घटस्फोटाला सही देणार नाही. जा कोर्टात, म्हातारी होईपर्यंत तारखा घालीन. मग मी अशीच लटकत राहायचं का?"

वेगळं राहणाऱ्या बायका सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसल्या की बहुतेक वेळा हा प्रश्न येतोच. हल्ली पुरुषही तो विचारतात. इथे सांगते ती अशाच एका बाईंची हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई मूळच्या सांगलीकडच्या, पुण्यात एका शाळेत शिकवायच्या. मुलगी सात वर्षांची. मुलीला घेऊन दोन वर्षांहून जास्त काळ भावाकडे राहत होत्या. नवरा चिंचवडला नोकरीला. मारहाण नव्हती, पण पगार हातात ठेवायची मुभा नव्हती, माहेरच्या फोनवर पहारा होता आणि महिनोन्महिने अबोला. निघून येताना दागिने सासरीच राहिले. फ्लॅटच्या कर्जावर दोघांची नावं.

सोबत भाऊ आला होता. त्याला गावाकडच्या कुणीतरी सांगितलं होतं, स्टॅम्प पेपरवर काडीमोड लिहून घ्या, नोटरी करा, विषय संपला. मी आधी त्याचंच उत्तर दिलं. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न नोटरीच्या कागदाने मोडत नाही. एखाद्या समाजात फारकतीची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती कोर्टात सिद्ध करून दाखवावी लागते. या दोघांच्या घरात तशी रूढी नव्हती. अशा कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं आणि पुढे गुन्हा अंगावर आला, अशी माणसं मी पाहिली आहेत. म्हणून या बाबतीत मी कुणाची भीड ठेवत नाही.

मग सहीकडे वळलो. नवऱ्याची सही लागते ती परस्पर संमतीच्या घटस्फोटाला. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात ही सोय १९७६ साली १३ब कलमाने आली. पण संमती नसेल तर १३वं कलम आहेच. क्रूरता, किमान दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार अशी कारणं त्यात दिली आहेत आणि मानसिक छळ हाही क्रूरतेतच येतो. तिथे समोरच्याची परवानगी लागत नाही, लागतो तो पुरावा. समन्स बजावूनही नवरा आला नाही तर कोर्ट त्याच्या गैरहजेरीत दावा चालवू शकतं. शिवाय २००३च्या दुरुस्तीमुळे बायको स्वतः राहते तिथल्या कोर्टात दावा लावू शकते. दावा चालू असताना २४व्या कलमाखाली तात्पुरती पोटगी मागता येते. वकिलाच्या फीची चिंता होती, तेव्हा सांगितलं की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

बाई जरा सावरून बसल्या. मग म्हणाल्या, "पण पेपरात आलं होतं, संसार पूर्ण मोडला असेल तर लगेच घटस्फोट मिळतो." २०२३च्या मे महिन्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हा समज फार पसरला. तो अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा, राज्यघटनेच्या १४२व्या कलमाखालचा. फॅमिली कोर्टात "आता जमणं शक्य नाही" एवढं कारण पुरत नाही, १३व्या कलमातलं काहीतरी सिद्ध करावंच लागतं. आणि सिद्ध करायचं म्हणजे उलटतपासणी आली. बंद घरातल्या गोष्टी परक्या माणसांपुढे, तारखेमागून तारखेला, वर्षानुवर्षं सांगायच्या. त्यातून जाऊन आलेल्या बायकांचे चेहरे मला आठवतात. म्हणूनच दाव्याचा कागद तयार होण्याआधी मी एक प्रश्न विचारतेच: तुमचं नेमकं कशावरून अडलंय?

"त्याला घटस्फोटच नकोय," त्या म्हणाल्या. मला ते पटलं नाही. दोन वर्षांत त्याने नांदायला बोलावण्याची साधी नोटीसही पाठवली नव्हती. ज्याला संसार हवा असतो तो इतका गप्प बसत नाही.

बाईंच्या संमतीने मी त्याला आधी एकट्याला भेटले. (जिथे मारझोड किंवा धमक्या असतात तिथे मी समेटाची बैठक घेतच नाही. तिथे आधी संरक्षण, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज. "जाऊ दे, समजुतीने मिटवा" हा सल्ला अशा ठिकाणी जिवावर बेततो.) तासभर तो बायकोला नावं ठेवत होता. मग म्हणाला, "सही दिली की पोरगी गेली. ती मला तोंडसुद्धा दाखवू देणार नाही." आणि आणखी एक, जे त्याच्या आईने त्याच्या मनात भरवलं होतं: सही देणं म्हणजे सगळे आरोप कबूल करणं.

दुसऱ्या गोष्टीचं उत्तर सोपं होतं. संमतीच्या अर्जात कुणाचा दोष मांडावाच लागत नाही. एक वर्ष किंवा जास्त काळ वेगळे राहतो, एकत्र राहणं शक्य झालं नाही आणि दोघांनाही लग्न संपवायचं आहे, एवढंच सांगायचं असतं. हे वेगळं राहणं एका छपराखालीही असू शकतं, नवरा-बायको म्हणून राहत नसलात तर. बाईंच्याही मनात तसाच गैरसमज होता: संमती दिली की दागिने गेले आणि मुलीचा खर्चही गेला. तसं नसतं. स्त्रीधन बाईचंच असतं, आणि मुलीच्या खर्चाचा हक्क मुलीचा आहे. आईने सही करून तो सोडता येत नाही.

पहिली गोष्ट अवघड होती. तिला तीन बैठका गेल्या. एक आड एक शनिवार-रविवार मुलगी बाबाकडे, दिवाळीची सुट्टी निम्मी निम्मी, रोज रात्री व्हिडिओ कॉल, आजारपणात दोघांनीही हजर राहायचं. "भेटू देईन" एवढ्या मोघम वाक्यावर मी कुणालाच सही करू देत नाही. वार, वेळ, आणायचं कुणी, सोडायचं कुणी, हे कागदावर हवं. दागिन्यांची यादी लग्नाचे फोटो समोर ठेवून झाली. फ्लॅट त्याने ठेवला. संमतीच्या घटस्फोटाला कोर्टात दोनदा हजर राहावं लागतं. कर्जावरून बाईंचं नाव निघाल्याचं बँकेचं पत्र दुसऱ्या हजेरीआधी आणायचं, असं अटींत लिहून घेतलं.

यावर मी एवढी अडून बसते त्याला कारण आहे. घटस्फोटाचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलंय. म्हणून सगळे पैसे आधी देऊन टाकू नयेत, आणि सगळे शेवटावरही ठेवू नयेत. दागिने पहिल्या अर्जाच्या दिवशी परत आले. तडजोडीत ठरलेल्या रकमेपैकी निम्म्या रकमेचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) त्याच दिवशी, उरलेल्या रकमेचा दुसऱ्या हजेरीला.

दोन हजेऱ्यांमध्ये कायद्याने किमान सहा महिने असतात आणि अठरा महिन्यांच्या आत दुसरा अर्ज करावा लागतो. मात्र अर्जाआधीच दीड वर्षापेक्षा जास्त वेगळे राहत असाल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी-ताबा सगळं ठरलं असेल, तर ते सहा महिने माफ करायचा अर्ज देता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालाने हा मार्ग खुला केला. यांनी तो दिला आणि मंजूर झाला.

नवऱ्याने ऐकलंच नसतं, तर बाई क्रूरतेच्या कारणावर दावा लावणार होत्या. तो मसुदा तयार होता आणि नवऱ्यालाही ते माहीत होतं. ते दडवायचं मला काही कारण वाटलं नाही. दावा लागल्यावरही दोघांचं जमलं तर त्याच प्रकरणात संमतीवर येता येतं, फॅमिली कोर्टातले समुपदेशक त्यासाठीच बसलेले असतात. म्हणून सहीला नकार मिळाला की लगेच घाबरून जाऊ नका. वेगळं राहायला लागल्याची तारीख, पगाराच्या नोंदी, मेसेज, दागिन्यांचे फोटो, कर्जाचे कागद एका फाइलमध्ये लावा. दावा लढायचा झाला तरी आणि अटी ठरवायला बसलात तरी हीच फाइल समोर ठेवावी लागते.