इंग्रजी येईना, म्हणून घरातली मराठी बंद करावी का?

"मॅडम, मुलगी सहा वर्षांची आहे. अमेरिकेत येऊन नऊ महिने झाले, तरी इंग्रजीत एक अख्खं वाक्य बोलत नाही. शाळेतून सुचवलं म्हणून आम्ही घरीही इंग्रजीच बोलायला लागलो. आता ती मराठीही बोलेनाशी झाली आहे. आमचं काय चुकतंय?"

हा प्रश्न न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईचा. शाळेला सुट्टी लागल्यावर ती माहेरी नाशिकला आली होती, तेव्हा मला भेटली. दत्तक मूल परदेशी नेणाऱ्या मराठी घरांतून ही काळजी माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते, म्हणून तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला आपण छकुली म्हणू.

छकुली विदर्भातल्या एका संस्थेत वाढली. 'कारा'ची, म्हणजे दत्तक प्रक्रियेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, सगळी प्रक्रिया होऊन, पासपोर्ट हातात पडून ती आईबाबांबरोबर गेली तेव्हा साडेपाच वर्षांची होती आणि वऱ्हाडी घडाघडा बोलायची. आईबाबा दोघंही मराठी. खरं तर ही किती मोठी जमेची बाजू! परदेशात दत्तक गेलेल्या बहुतेक मुलांच्या नव्या घरात त्यांची भाषा कुणालाच येत नसते.

पण घरात एक नियम आला होता. काहीही हवं असेल तर इंग्रजीत मागायचं. "वॉटर प्लीज" म्हटल्याशिवाय पाणी नाही. मारणं नाही, ओरडणं नाही, सगळं प्रेमानेच. मी आईला विचारलं, "मग ती पाणी मागते का?" आई थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "नाही. बाथरूममधल्या नळाला तोंड लावून पिते."

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटली. इंग्रजी आज ना उद्या येईल. पण नव्या घरात आलेल्या मुलाने आईकडे काही मागणंच सोडून दिलं, तर ती गोष्ट वाट पाहण्यासारखी नाही. संस्थेत वाढलेल्या मुलाला मागितलं की मिळतं, रडलं की कुणीतरी येतं, हे नव्याने शिकायचं असतं. त्याच्या मध्ये भाषेची अट घालू नये.

बाबांची घाई मी समजू शकते. "पहिलीतच मागे पडली तर?" ते फोनवर म्हणाले. त्यात आणखी एक भीती मिसळली होती. परदेशी दत्तक गेलेल्या मुलाचा प्रगती अहवाल पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी पाठवावा लागतो. त्यात 'मूल बोलत नाही' असं गेलं तर काय होईल, या विचाराने दोघंही धास्तावले होते. मी त्यांना सांगितलं, तो अहवाल इंग्रजीची परीक्षा नाही. मूल घरात रुळतंय का, हे त्यात पाहायचं असतं. अडचण असेल तर ती लिहावीच.

आधी दोन गोष्टी तपासायला सांगितल्या. एक, कान. वारंवार कान फुटलेल्या मुलांना कमी ऐकू येत असतं आणि घरात वाटतं, लक्षच देत नाही. छकुलीची तपासणी इथेच करून घेतली. ऐकू व्यवस्थित येत होतं. दुसरी, तिची मूळ भाषा. वयाच्या मानाने वऱ्हाडी चांगलं बोलत असेल, तर भाषा शिकण्याची ताकद शाबूत आहे आणि नवी भाषा फक्त वेळ मागते आहे. पण मूळ भाषेतही मूल अडखळत असेल, तर 'येईल हळूहळू' म्हणत बसू नये, लगेच स्पीच थेरपिस्टकडे जावं. ही तपासणी मूल घरी आल्याआल्या करायला हवी, कारण मूळ भाषा फार लवकर पुसली जाते. तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांना कोरियन वाक्य कोणतं, हेसुद्धा ओळखता आलं नाही.

छकुलीच्या भाषेचा अंदाज मला तिच्या आजोबांकडून मिळाला. गोदावरीला पाणी चढलं होतं, म्हणून ते तिला दुतोंड्या मारुती, म्हणजे नाशिककर ज्यावरून पुराचा अंदाज घेतात ती नदीतली मूर्ती, दाखवायला घेऊन गेले. पाणी कमरेपर्यंत आलेला मारुती पाहून ती एकदम बोलायला लागली. "आजोबा, मारुतीले थंडी नाही वाजत काय? तो बाहेर काहून नाही येत?" घरी येईपर्यंत तिचे प्रश्न थांबले नाहीत. घरी आजी लगेच म्हणाली, "मारुतीले नाही बाळा, मारुतीला म्हणायचं." आजीला मी हात जोडून सांगितलं, आत्ता हे नको. ती बोलते आहे, तेवढं पुरे.

मग घरात काय बदलायचं ते ठरवलं. पाणी, जेवण, शी-शू, दुखणं, भीती हे कुठल्याही भाषेत सांगितलं की लगेच उठायचं. झोपताना मराठीच. इंग्रजीसाठी रोजची ठरलेली कामं घ्यायची: बूट घालणं, डबा भरणं, गाडीत बसणं. प्रत्येक वेळी तीच छोटी वाक्यं आईने बोलायची, तिच्याकडून वदवून घ्यायची नाहीत. चित्रांचं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायचं. नव्या भाषेत कित्येक मुलं आधी काही महिने नुसती ऐकतात. त्या काळात "बोल ना, बोल ना" केलं की तोंड आणखी मिटतं.

जी जोडपी मुलाची भाषा न येणारी आहेत, त्यांना मी आणायला जाण्यापूर्वीच थोडे शब्द पाठ करायला लावते: दुखतंय का, भूक, भीती, थांब, मी इथेच आहे. पन्नासेक शब्दांवर पहिले आठवडे निभावतात.

नळाला तोंड लावणं महिन्याभरात थांबलं. इंग्रजी दिवाळीच्या सुमारास आलं, तेही आधी मिसळून: "आई, माय शूज ओले झाले." आईने घाबरून फोन केला, ही सरमिसळ चालेल का म्हणून. चालेल. दोन भाषांत वाढणारी मुलं असंच बोलतात.

आता ती दुसरीत आहे आणि मैत्रिणींशी फाडफाड बोलते. म्हणून बाबा परवा विचारत होते, शाळेतला इंग्रजीचा जादा तास नको असं लिहून देऊ का? मी नाही म्हटलं. खेळताना लागणारं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं, पण गणितातली शाब्दिक उदाहरणं, विज्ञानाचा धडा समजण्याइतकं यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. तास चालू ठेवला आहे आणि शाब्दिक उदाहरणं बाबा तिला आधी मराठीत समजावून सांगतात.