वाचकांचे प्रश्न : वसाहतीचे भवन बघायला जाताना

प्रश्न : आमच्या वसाहतीत व्यायामशाळा, बॅडमिंटन आणि छोटे सभागृह असलेले भवन बांधायचे ठरते आहे. आधी शहरातली दोन-तीन तयार भवने बघून यावीत, असे महिला मंडळाने सुचवले. पर्यावरणाच्या दृष्टीने तिथे नेमके काय बघावे?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : प्रत्येक भवन दोनदा बघा. एकदा साध्या दिवशी भर दुपारी आणि एकदा मोठ्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. दुपारी सभागृहात दिवे लावावे लागत असतील, तर खिडक्यांची दिशा किंवा उंची चुकली आहे. कार्यक्रमानंतरच्या सकाळी मागच्या दाराशी जा. निगमच्या (महापालिकेच्या) गाडीत आपण घरचा कचरा सहा प्रकारांत देतो : ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा. भवनाच्या मागे मात्र सगळे एकाच काळ्या पिशवीत दिसले, तर दर्शनी भिंतीवरच्या हिरव्या फलकाला फारसा अर्थ नाही.

व्यवस्थापकांकडे वर्षभराची वीजबिले मागा, उन्हाळ्यातल्या टँकरचा हिशेब मागा आणि पावसाच्या पाण्याची गाळणी कोण साफ करते ते नावानिशी विचारा. यंत्रणा बसवायला देणगीदार मिळतात, देखभालीला माणूस मिळत नाही. अशा बहुतेक सोयी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंद पडतात त्या याच कारणाने.

पंखे कोणते आहेत तेही बघा. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० ते ३५. वीस पंखे रोज ५ तास चालले तर दिवसाला ४ युनिट वाचतात. बॅडमिंटनचे दिवे कोर्टाच्या डोक्यावर नसावेत, दोन्ही बाजूंना असावेत. डोक्यावरचा दिवा शटलकडे बघताना डोळ्यांत जातो. मग खेळणारे तक्रार करतात आणि बाजूला जास्तीचे दिवे लावले जातात. पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रातून एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर फेकले जाते. ते टाकीत साठवून फरशी पुसायला वापरतात का, हेही बघून या. बागेला ते रोज घालू नये, क्षार साठतात.

प्रश्न : आमच्या भवनाला पावसाच्या पाण्यासाठी शोषखड्डा केला आहे. पहिल्या मोठ्या पावसातच तो भरला आणि आठवडाभर तसाच राहिला, डासही झाले. खड्डा आणखी मोठा करावा का?
– वसाहत समितीचे सदस्य, सुदामानगर, इंदूर

उत्तर : मोठा करू नका, खोल न्या. माळव्यात वर काळी माती आहे आणि तिच्याखाली मुरूम व बेसाल्ट. काळी माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी उतरायचे थांबते. खड्डा काळ्या मातीतच संपला असेल, तर तो दुप्पट रुंद केल्याने डबके दुप्पट होईल, इतकेच.

आधी तपासणी करा. खड्ड्याच्या तळाशी फूटभर लांब, रुंद आणि खोल छिद्र घ्या. पाण्याने भरून एक रात्र भिजू द्या. सकाळी पुन्हा भरून तासाभरात पाणी किती उतरते ते मोजपट्टीने बघा. दोन-तीन सेंटीमीटरही उतरत नसेल, तर तळातून मुरमापर्यंत किंवा भेगा असलेल्या खडकापर्यंत ६ इंची बोअर घ्यावे लागेल. त्यात भोके पाडलेला, नायलॉनची जाळी गुंडाळलेला ११० मिलिमीटरचा पाइप सोडा. वर खड्ड्यात तळाशी मोठे दगड, मग खडी आणि सर्वांत वर जाडी वाळू, असे थर द्या. क्रम उलटा होता कामा नये. वाळू वर असली तरच गाळ वरच अडतो आणि दर पावसाळ्याआधी वरचा दोन-तीन इंचांचा थर खरवडून बदलता येतो. खड्डा इमारतीच्या पायापासून निदान ३ ते ५ मीटर लांब हवा, नाहीतर फुगणारी माती पायाला त्रास देईल.

गच्चीचे पाणीही बघून घ्या. इंदुरात वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो. २०० चौरस मीटरच्या गच्चीवरून, २० टक्के वाया गेले असे धरले तरी, दीड लाख लिटर पाणी मिळते. एक इंच पावसात ४ हजार लिटर. एवढ्या गच्चीला ११० मिलिमीटरचा एकच पाइप अपुरा पडतो. जोराच्या सरीसाठी दर ५०-६० चौरस मीटरला एक पाइप हवा, म्हणजे चार.

पहिल्या पावसाचे पाणी खड्ड्यात जाऊ देऊ नका, त्यात धूळ आणि कबुतरांची घाण असते. प्रत्येक पाइपला खाली सरळ उभा, टोपण लावलेला १६० मिलिमीटरचा तुकडा जोडा. दीड मीटर लांबीत सुमारे २५ लिटर मावते, म्हणजे ५० चौरस मीटरवरचा पहिला अर्धा मिलिमीटर पाऊस. टोपणाला ३-४ मिलिमीटरचे छिद्र ठेवा, म्हणजे पाऊस थांबल्यावर तो हळूहळू रिकामा होईल. हे छिद्र कडुनिंबाच्या पानांच्या देठांनी बुजते आणि तिथेच ही युक्ती फसते. मोठ्या सरीनंतर टोपण उघडून धुवा.

गाड्या उभ्या राहतात त्या जागेचे पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका. इंदूर नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणते. पायाखालचा भूजलाचा साठा एकदा तेलाने नासला, तर तो निस्तरणे आपल्या हातात राहत नाही.

प्रश्न : भवनावर सौर पॅनेल लावली, पण लाइट गेली की तीही बंद पडतात. ठेकेदाराने फसवले का?
– एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : फसवलेले नाही. वीजकंपनीच्या तारांच्या जाळ्याला जोडलेली यंत्रणा वीज जाताच स्वतः बंद होते. चालू राहिली, तर खांबावर दुरुस्तीला चढलेल्या माणसाला तिचा झटका बसेल. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील, तर बॅटरीसह हायब्रिड (जाळे आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर लागतो आणि खर्च बराच वाढतो. चार दिवे, दोन पंखे आणि माइक यांच्यापुरती छोटी बॅटरी पुरते.

एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिट मिळतात. पॅनेल दक्षिणेकडे, २० ते २३ अंशांत कललेली असावीत. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी त्या रांगेतल्या सगळ्यांचे उत्पादन घटते. धुणे पंधरवड्यातून एकदा, सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटी फडक्याने पुसा.

पीएम सूर्यघर योजनेत रहिवासी संघटनांच्या सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. भवन विश्वस्त संस्थेच्या नावे असेल, तर वीजजोडणी कोणत्या वर्गात मोडते ते वीज वितरण कंपनीत आधी विचारून घ्या.

प्रश्न : भवनाच्या आवारात खताचा हौद बांधला. पाचोळ्याचे खत छान होते, पण लग्नाच्या जेवणानंतर असा वास सुटतो की शेजारी भांडायला येतात.
– एक वाचक, वैशालीनगर, इंदूर

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर आपल्याच शहरात तयार झाले आहे. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये सुरू झालेल्या शेती-संशोधन संस्थेत इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी खताची जी रीत बसवली, ती १९३१ पासून जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. आजचे कृषी महाविद्यालय तिथेच आहे. भवने बघायला निघालेल्या मंडळींनी तीही जागा जरूर बघावी.

पद्धतीचे मर्म हवेत आणि थरांत आहे. १५ सेंटीमीटर पाचोळा व काड्या, त्यावर ५ सेंटीमीटर शेण, वर माती आणि लाकडाच्या राखेची पातळ पसरण, मग पाणी. असे थर चढवत जायचे. पहिली पलटी दोन आठवड्यांनी, दुसरी आणखी दोन आठवड्यांनी, तिसरी ढीग रचल्यापासून दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार.

तुमच्या हौदात मठ्ठा, वरण आणि भाज्यांचा रस्सा जातो. पाण्याने हवेच्या जागा भरतात, तेल काड्यांवर चढते आणि ढीग कुजण्याऐवजी आंबतो. जेवणाचा उरलेला भाग आधी चाळणीच्या टोपलीत अर्धा तास निथळू द्या. मग एक बादली उष्ट्याला तीन बादल्या सुका पाचोळा, आणि तोही खाली, वर, बाजूंनी असा की अन्नाचा कण उघडा दिसू नये. ढीग निदान एक मीटर लांब, रुंद आणि उंच हवा, त्याहून लहान ढीग तापत नाही. तिसऱ्या दिवशी लोखंडी सळई मध्यभागी खुपसून पाच मिनिटांनी ओढा. हात धरवत नसेल इतकी गरम लागली, तर ठीक चालले आहे. थंड आणि चिकट निघाली, तर उपसून पाचोळा मिसळा. मुंग्या झाल्या तर ढीग कोरडा पडला आहे, पाणी शिंपडा.

पाचोळा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पोत्यांत भरून ठेवावा लागतो. तुळशीच्या लग्नानंतर कार्ये सुरू होतात, तेव्हा तो शोधायला गेले तर मिळत नाही. दोनशे पानांचे जेवण मात्र या हौदाच्या आवाक्याबाहेर आहे. मोठ्या कार्याचे उष्टे वेगळे करून निगमच्या गाडीत द्या. देवगुराडियाचा, ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा बायो-सीएनजी प्रकल्प त्यासाठीच आहे.

प्रश्न : थर्माकोल बंद झाले, म्हणून आम्ही कागदी पेले वापरतो. ते खतात टाकावेत का?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नाही. त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात द्या. त्यापेक्षा भवनातच बर्तन बँक सुरू करा : २०० माणसांसाठी २२० ताटे, ४४० वाट्या, २२० पेले आणि २५० चमचे, कारण चमचे सर्वांत आधी हरवतात. नेणाऱ्याकडून अनामत घ्या आणि भांडी त्याच्यासमोर मोजून द्या-घ्या. धुण्याच्या जागी मोरीच्या तोंडाशी तेल अडवणारे चेंबर हवे. त्याची साय कार्य असलेल्या आठवड्यात दर दोन दिवसांनी काढावी लागते, नाहीतर तेल थिजून नळी बुजते आणि लोक पुन्हा कागदी पेल्यांकडे वळतात.