आवडती मालिका मध्येच बंद होते आणि रिमेकवर रिमेक येत राहतात. प्रेक्षक म्हणून तुमची सगळ्यात जास्त चिडचिड कधी झाली?

2020 साली. एकाच वर्षात दोन्ही बाजूंनी मार खाल्ला.

त्या जानेवारीत ‘सावित्रीजोती’ सुरू झाली. जोतिराव म्हणजे ओंकार गोवर्धन आणि सावित्रीबाई म्हणजे अश्विनी कासार. आमच्याकडे मालिका लागली की बाबा पेपरमागे तोंड लपवतात, पण ही लागली की पेपरची घडी टीपॉयवर जायची. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, चित्रीकरणं थांबली. जुलैत नवे भाग परत सुरू झाले तेव्हा हायसं वाटलं. आणि डिसेंबरात मालिका गुंडाळलीच. कारण नेहमीचंच, टीआरपी नाही. फुले साहित्याचे अभ्यासक हरी नरके यांनीही तेव्हा जाहीरपणे खंत व्यक्त केली होती.

आता हिशेब बघा. 1848 ची भिडे वाड्यातली शाळा, 1873 चा सत्यशोधक समाज, 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करता करता सावित्रीबाईंचा मृत्यू. जवळजवळ पन्नास वर्षांचं काम, आणि त्याला मिळालं एक वर्ष. त्यातलेही तीन-साडेतीन महिने लॉकडाऊनने खाल्ले. भाजीत मीठ कुणी जास्त टाकलं यावर आपल्याकडे आठवडा निघतो हो!

दुसरी बाजू म्हणजे ‘आई कुठे काय करते’. ही डिसेंबर 2019 मध्ये आली, मूळ कथा ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेची. 2020 मध्ये तीच बाई तेलुगू, तमिळ, मल्याळममध्ये उगवली आणि जुलैत हिंदीत ‘अनुपमा’ म्हणून. आई संध्याकाळी मराठी बघायची आणि रात्री दहाला हिंदी. एकदा बाबा पाणी प्यायला बाहेर आले, टीव्हीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, “अगं, ही संध्याकाळी घर सोडून गेली ना? परत कधी आली?” आई म्हणाली, “ती अरुंधती. ही वेगळी.”

खरं सांगायचं तर मला रिमेकचं वावडं नाही. ‘आई कुठे...’चे सुरुवातीचे भाग मीही आवडीने पाहिलेत. मधुराणी प्रभुलकरची अरुंधती कुठून उसनी आणलेली वाटत नव्हती. समृद्धी बंगल्यातलं ते स्वयंपाकघर, सगळ्यांना वाढून झाल्यावर तिचं ते उभ्याउभ्या जेवणं... हे आपल्याच घरातलं आहे असं वाटायचं. पण मूळ बंगाली मालिका 2021 च्या डिसेंबरात संपली आणि आपली नोव्हेंबर 2024 पर्यंत चालली. म्हणजे ज्या विहिरीतून पाणी आणलं ती आटली, तरी आपला रहाट तीन वर्षं फिरतच राहिला. ‘रंग माझा वेगळा’ मल्याळममधून, ‘ठरलं तर मग’ तमिळमधून आलेली. वाहिनीचं गणित मला कळतं. दुसऱ्या राज्यात चाललेली गोष्ट म्हणजे अर्धी परीक्षा आधीच पास. नव्या लेखकाच्या नव्या गोष्टीवर पैसे लावायचे तर धाकधूक असते, त्यात ऐतिहासिक मालिका म्हटली की कपडेपट आणि सेटचा खर्च वेगळाच. आणि दर गुरुवारी येणारा टीआरपी ज्या घरांतल्या मीटरवरून निघतो, त्यांत माझं घर नाही. मी कितीही मन लावून ‘सावित्रीजोती’ बघितली असती तरी आकड्यात काडीचा फरक पडला नसता. (हे मला बरंच उशिरा कळलं. तोपर्यंत मी दुसऱ्या खोलीतला टीव्हीही लावून ठेवायचो.)

‘दिल दोस्ती दुनियादारी’ 2016 मध्ये संपली तेव्हा इतका राग आला नव्हता, कारण निदान भरल्या पोटी उठलो होतो. पण मग 2017 मध्ये ‘दिल दोस्ती दोबारा’ आली. तेच सहा चेहरे, नावं वेगळी, गोष्ट वेगळी. मी पहिले पंधरा दिवस त्यांना जुन्याच नावांनी हाका मारत होतो. तीही काही महिन्यांत आटोपली. जुन्या प्रेमाच्या भांडवलावर नवं दुकान चालत नाही, आणि ते बंद पडलं की जुनी आठवणही थोडी विटते, ते वेगळंच.

मालिका बंद करायला माझी हरकत नाही, धंदा आहे. पण निदान पंधरा-वीस भाग आधी लेखकाला सांगा, आणि आम्हालाही. बहुतेक वेळा आम्हाला कळतं ते त्याच वेळेला येणाऱ्या नव्या मालिकेच्या प्रोमोतून. तेव्हापासून प्रोमोत खाली ‘सोम ते शनि’ आणि वेळ झळकली की आई आधी मला विचारते, “बघ रे, आपली कुठली गेली?”