नायिका नकार का देत नाही?

प्रश्न : युद्धकाळावरच्या कादंबऱ्या मी आवडीने वाचते, पण एका गोष्टीचा मला नेहमी राग येतो. शहाणी आणि धीट म्हणून रंगवलेली नायिका लढाई सुरू होताच नको असलेल्या माणसाशी लग्न करते, आणि ‘तिचा इलाज नव्हता’ एवढे सांगून लेखक मोकळा होतो. ही लेखकाची पळवाट समजायची, की त्या काळाचे खरे चित्र?

उत्तर : आपला राग रास्त आहे, मात्र तो नायिकेवर काढण्याआधी तिने नकार दिला असता तर दुसऱ्या दिवशी ती कोणाच्या छपराखाली राहिली असती आणि कोणाच्या नावावर जगली असती, एवढा हिशेब मांडून पाहावा. मार्गारेट मिचेल यांच्या ‘गॉन विथ द विंड’ (१९३६) या कादंबरीतली स्कार्लेट हा हिशेब अगदी उघडपणे करते. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर ‘टारा’ या घरच्या मळ्यावर ३०० डॉलरचा जादा कर बसतो, आणि तो भरण्यासाठी ती आपल्या सख्ख्या बहिणीच्या नियोजित वराला, फ्रँक केनेडीला, खोटे सांगून त्याच्याशी लग्न करते. तिच्या गळ्याला कोणी सुरी लावलेली नाही, आणि ती बिचारीही नाही. परंतु पैसा उभा करण्याचे बाकीचे मार्ग एकेक करून बंद होताना आपण पाहिलेले असतात, म्हणूनच तिचा निर्णय पटला नाही तरी समजतो. पुढे हीच बाई लाकडाची गिरणी चालवते आणि सारे गाव नाके मुरडते, हा तपशील मला लग्नाहूनही बोलका वाटतो.

शिवाय युद्धात दबाव फक्त घरातून येत नाही. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९४१च्या कायद्याने २० ते ३० वर्षांच्या अविवाहित स्त्रिया आणि मूल नसलेल्या विधवा सक्तीच्या राष्ट्रीय सेवेस पात्र ठरल्या, विवाहित स्त्रिया मात्र त्यातून वगळल्या गेल्या. अमेरिकेत १९४२पासून सैनिकाच्या पत्नीला दरमहा ५० डॉलर मिळू लागले, त्यांपैकी २२ नवऱ्याच्या पगारातून कापलेले आणि २८ सरकारचे. प्रेयसीला, वाग्दत्त वधूला या हिशेबात जागा नव्हती. लग्न कर, असे कोणत्याही कायद्याने म्हटले नव्हते, पण कुंकू असलेली आणि नसलेली यांची वाट त्याने वेगळी केली होती. (पत्नीचा भत्ता तरी बिनशर्त होता असे मानू नये, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या पत्नींच्या वर्तनावर पोलिसांनी लक्ष ठेवावे, अशी व्यवस्था १९१४मध्येच झाली होती आणि ‘गैरवर्तन’ दिसल्यास भत्ता बंद होत असे.) हे माहीत असलेल्या लेखकाला खलनायकाची गरज पडत नाही, एक अर्ज आणि त्यावरचा ‘विवाहित की अविवाहित’ हा रकाना त्याला पुरतो.

पळवाट कुठे असते, तेही सांगतो. नकाराची किंमत न दाखवता लग्न उरकले जाते, आणि दोन प्रकरणांनंतर त्याच सक्तीचे प्रेमात रूपांतर झालेले दिसते, तेव्हा लेखकाने नायिकेचीच नव्हे, वाचकाचीही फसवणूक केलेली असते. अशा कादंबऱ्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्याविषयीचा आपला राग मी कमी करू इच्छित नाही.

याउलट होमरच्या ‘इलियड’ या प्राचीन ग्रीक महाकाव्यातली ब्रिसेइस पाहावी. ग्रीक योद्धा अकिलीसने तिचा नवरा मारला, तिचे तीन भाऊ त्याच दिवशी गेले, आणि ती लुटीचा वाटा म्हणून त्याच्याच तंबूत आली. एकोणिसाव्या सर्गात अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतावर पडून ती रडते, कारण अकिलीसची धर्मपत्नी करवून देईन, असा शब्द त्याने तिला दिला होता. पतीच्या मारेकऱ्याशी लग्न हीच जिची उरलेली आशा, तिला ‘तू नकार का दिला नाहीस’ हे विचारायचे कसे? होमर तिच्या वतीने कोणतीही सफाई देत नाही. तिच्याबरोबर इतर बंदिवान स्त्रियाही रडल्या, एवढेच तो सांगतो: निमित्त पॅट्रोक्लसचे, पण प्रत्येक जण रडत होती ती आपापल्या दुःखासाठी.