ब्रोकन हिलला एक दिवस तरी थांबा

सिडनीहून गाडीने ॲडलेडला निघालाच आहात, तर ब्रोकन हिलला फक्त पेट्रोल भरून पुढे पळू नका. पोचल्यावर आधी घड्याळ अर्धा तास मागे करा. गाव न्यू साउथ वेल्समधलं, पण वेळ साउथ ऑस्ट्रेलियाची पाळतं.

सकाळ प्रो हार्टच्या गॅलरीला द्या. हा इथल्याच खाणीत राबलेला चित्रकार. त्याची रंगवलेली रोल्स रॉइसही तिथेच आहे. मुलं बरोबर असतील तर तिथून हलायची नाहीत. गावची आर्ट गॅलरी १९०४ पासूनची. पॅलेस हॉटेलच्या भिंतींवरची चित्रं मला भडक वाटतात, तरी डोकवाच.

उन्हाळा असेल तर दुपारी सरळ झोप काढा. (माशांसाठी तोंडावरची जाळी घ्या, लाजू नका.)

उन्हं कलली की गावाबाहेरच्या टेकडीवरची शिल्पं. १९९३ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या शिल्पकारांनी तिथेच बसून वालुकाश्मातून १२ शिल्पं घडवली. तिरप्या उन्हात दगड तांबूस होतो, छिन्नीचे घावसुद्धा दिसतात, म्हणून सूर्यास्ताच्या तासभर आधीच पोचा. मुंडी मुंडीचं अफाट पठारही सिल्व्हरटन गावाच्या पुढे जवळच आहे, पण एकाच संध्याकाळी दोन्हीकडे धावाधाव नको. ते दुसऱ्या दिवशी सकाळी बघा.

अंधार पडल्यावर गाडी हळू चालवा, कांगारू अचानक आडवे येतात. भाड्याच्या गाडीचा विमा रात्री गावाबाहेर लागू होतो का, तेही आधीच विचारून घ्या.