नागपूरचे जुने मित्र दिवसभर भांडतात का?

तुम्ही विचारलंय की बदलीवर नागपुरात आलो, ऑफिसातले दोघं शाळेपासूनचे मित्र दिवसभर एकमेकांचा उद्धार करतात आणि दुपारी एकाच डब्यात जेवतात, तर हे भांडण समजायचं की गंमत, आणि आपणही त्यात पडावं का.

भांडणच आहे. फक्त ते मिटवायचं नसतं.

माझा एक दोस्त आहे, काटोलकडे त्याची संत्र्याची बाग. तो आंबिया बहार घेतो, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा आणि दिवाळीच्या मागेपुढे माल. माझं म्हणणं, खायचा तर मृगाचाच संत्रा. पावसाळ्याच्या तोंडावर फुलतो, सगळी थंडी झाडावर काढतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात येतो. माझ्याकडे गॅलरीत कढीपत्त्याची एक कुंडी आहे, तीही बायकोच्या नावावर. पण म्हणून मत असू नये का?

एकदा डिसेंबरात कस्तूरचंद पार्काजवळ तर्री पोहे खात होतो. सोबत ऑफिसातला एक पुणेकर. दोस्त थैली घेऊन आला अन् माझ्या प्लेटीशेजारी आदळली.

"घे बे. आंबिया आहे. खा अन् तोंड बंद ठेव."

मी एक फोडला. "लिंबं आणली काय बे? पोह्यावर पिळू?"

"तुले काय समजते? बागेले ताण कधी देतात तेवढं सांग." (ताण म्हणजे फुलोऱ्याआधी झाडाचं पाणी तोडणं.)

"बागेचं माहीत नाही, तू मले पंचवीस वर्षांपासून देऊन राहिला."

"ताण दिल्यावर फळ धरते बे. तू नुसता वाळला."

पोहेवाला हसून हसून तर्री सांडवत होता. पुणेकराला मात्र घाम फुटला. तो हळूच म्हणाला, "जाऊ द्या ना, दोन्ही छान असतात."

आम्ही दोघं एकदम त्याच्यावर उखडलो. "तू मधात नको बोलू!" त्यानंतर दहा मिनिटं तो बिचारा आमचा एकत्रित शत्रू होता. दोन्ही छान म्हणे! बागेत जाऊन बघा, आंबियाला ताण देतात थंडीत आणि मृगाला मे महिन्याच्या उन्हात. पंचेचाळीस डिग्रीत पाण्यावाचून उभं राहिलेलं झाड काय फळ देत असेल, विचार करा. दोस्त म्हणतो, पाऊस लांबला की तुझा मृग गेला कामातून. बरोबर आहे, पण तो धंद्याचा मुद्दा झाला, चवीचा नाही. एवढं त्याला अजून कळत नाही.

तर तुम्ही सामील व्हा, पण बाजू घेऊन. मध्यस्थाला इथे कोणी चहा विचारत नाही. आधी एखादा महिना स्वतः बोलणी खा, मग तोंड उघडा. "बे" लगेच वापरू नका, नव्या माणसाच्या तोंडून ते टोचतं. साहेबासमोर तर अजिबात नाही.

आणि हो, घरचं आजारपण, पोराचे मार्क, कर्ज यांच्यावर बोलायचं नाही. पीकही त्यातच, असं मी समजत होतो. एका वर्षी गारपीट झाली, त्याचा सगळा फुलोरा झडला. मी भेटायला गेलो आणि बागेत मुकाट फिरत राहिलो. शेवटी तोच चिडला, "बोल ना बे काही! मयताले आला काय?" मी म्हटलं, "बरं झालं, यंदा लोकांचे दात आंबणार नाहीत." मग कुठे त्याने घरात आवाज देऊन चहा टाकायला सांगितला. पण हे मला चाललं. तुम्ही करू नका, मार खाल.

तुमच्या ऑफिसातले दोघं कशावरून भांडतात ते लिहिलं नाही तुम्ही. संत्र्यावरून असेल तर फेब्रुवारीत कळमना मार्केटातून मृगाचा माल आणा आणि त्यांच्या टेबलावर ठेवा. आंबियावाला कोण ते त्याच्या तोंडावरून लगेच कळेल. त्याला माझा नंबर द्या.