‘समाधी’ नको, ‘मसण’ आठवा

प्रश्न असा आलाय : इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या पठारावर मृतांवर रचलेले प्रागैतिहासिक दगडांचे ढीग आहेत, तिकडे त्यांना ‘केर्न’ म्हणतात. मराठीत ‘समाधी’ चालेल का?

नाही चालणार. हल्ली कुठलंही थडगं दिसलं की समाधी! कांस्ययुगातला माणूस काय ध्यान लावून बसला होता? ‘स्तूप’ही नको, बुद्धाशिवाय दुसरं काही मनात येत नाही. ‘दफनाचा ढीग’ म्हणा नि मोकळे व्हा.

खरी गंमत ढिगाच्या पोटात आहे. तिथे काही वेळा शिळा उभ्या करून केलेली पेटी असते, वर झाकणाला आणखी एक शिळा. व्हाइटहॉर्स हिलवर 2011 साली अशी एक पेटी उघडली, तर अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेली जळकी हाडं आणि मणी निघाले. या पेटीला तिकडे ‘किस्तवेन’ म्हणतात, म्हणजे दगडी पेटी. दगडाचं अंथरूण, दगडाचं पांघरूण. हे वाचलं आणि मला आपला ‘श्मशान’ शब्द आठवला.

श्मशान म्हणजे ‘अश्मशयन’! अश्म म्हणजे दगड, शयन म्हणजे झोपणं किंवा बिछाना. यास्काचार्य निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या आपल्या ग्रंथात, ‘श्म’ म्हणजे शरीर, म्हणून ‘श्मशयन’, असं सांगतात. माफ करा आचार्य, हा ‘श्म’ दुसरीकडे कुठे दाखवाल? शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातलं ‘शवान्न’, म्हणजे शवाचं अन्न, तर त्याहून ओढूनताणून आणलेलं. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशाचा कलही अश्मशयनाकडेच आहे. पहिला ‘अ’ गळतो कसा, असं कुणी विचारेलच. अरण्याचं रान झालं तेव्हा कुणी विचारलं होतं? ‘शयन’चं ‘शान’ होणं जरा अवघड आहे, पण मला ते पचतं.

आणि श्मशान म्हणजे जाळायची जागा, हेही विसरा. शतपथात ते हाडांवर रचायचं टेकाड आहे. आपलं चौकोनी, प्राच्य, म्हणजे पूर्वेकडच्या, असुरांचं गोल. उंचीसुद्धा ठरलेली : क्षत्रियाचं हात वर केलेल्या माणसाएवढं, ब्राह्मणाचं तोंडापर्यंत. त्या हिशेबाने डार्टमूरचे गोल ढीग असुरांच्या खात्यात जमा!

याच श्मशानाचं प्राकृतात ‘मसाण’ झालं आणि आपल्याकडे ‘मसण’. ‘मसणात जा’ म्हणताना आपण समोरच्याला दगडी बिछान्यावर झोपायला पाठवतो, हे कुणाच्या गावीही नसतं.

हां, केर्न. ‘दफनाचा ढीग’ नको असेल तर ‘केर्न’च लिहा की, बिघडलं काय?